फीडमध्ये झिंक किती ते सांगता, मग कुठल्या रूपातलं तेही सांगा

मा. संपादक,

सप्रेम नमस्कार. खाजनातली (नदीकाठच्या बांध घातलेल्या खाऱ्या जमिनीतली) मत्स्यशेती, पिंजऱ्यातला चोणक म्हणजे जिताडा, सबसिडी, नव्या योजना यावर आपल्या पेपरात नेहमी काही ना काही येत असतं आणि ते सगळं मी वाचते, कारण आमच्या घरचा तो धंदाच आहे. पेडणे तालुक्यात नदीकाठी आमचं खाजन आहे, बाबा आणि काका तिथे चोणक वाढवतात, एका तळ्यात सुंगटं म्हणजे कोळंबी असते, मी केमिस्ट्रीत एमएस्सी केलं आणि आता एका लॅबमध्ये धातूंच्या टेस्ट करते. म्हणजे फीडचं पोतं मी घरीही बघते आणि कामाच्या टेबलावरही बघते. दोन्हीकडे बघून एक मुद्दा मनात साचलाय, जो बातम्यांत येत नाही, मेळाव्यातल्या भाषणांत येत नाही आणि टेस्टिंगच्या फॉर्ममध्ये तर त्याला रकानाच नाही. पत्र लांबणार आहे, जमलं तर पूर्ण छापा ही विनंती.

माशांच्या फीडमध्ये झिंक, कॉपर, लोह, मॅंगनीज, सेलेनियम, आयोडीन अशी खनिजं अगदी थोडी लागतात, किलोमागे काही मिलिग्रॅम, सेलेनियम तर मिलिग्रॅमचाही काही भाग. पण ती नसली तर सगळं बिघडतं. झिंक कमी पडलं की वाढ खुंटते, पंख झडतात, डोळ्यांत मोतीबिंदू होतो. मॅंगनीज कमी पडलं की हाडं वाकडी. सेलेनियम कमी पडलं की स्नायू खराब होतात. सुंगटांना तर कॉपर आपल्या लोहासारखं रक्तातच लागतं, त्यांच्या रक्तात ऑक्सिजन वाहणारं जे प्रोटीन असतं त्यात कॉपर असतं. इथपर्यंत सगळ्यांना मान्य आहे, फीड कंपन्या प्रीमिक्स म्हणजे खनिजं-व्हिटॅमिनांचं तयार मिश्रण घालतात, पोत्यावर छापतात, आपण लॅबमध्ये पाठवतो, रिपोर्ट येतो, झिंक अमुक, कॉपर तमुक, पास. आणि तिथेच सगळे थांबतात.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या 'अमुक' आकड्याने माशाच्या पोटात काय गेलं ते कळत नाही. झिंक सल्फेट म्हणून आहे की ऑक्साइड म्हणून, अमिनो अॅसिडला बांधलेलं आहे, की सोयाच्या फायटिक अॅसिडने (धान्यात-बियांत असतं ते, धातू पकडून ठेवतं) घट्ट धरून ठेवलंय, की फिशमीलमधल्या म्हणजे वाळवून कुटलेल्या मासळीतल्या हाडांच्या कॅल्शियम फॉस्फेटमध्ये अडकलंय, हे सगळं आकड्यात एकच दिसतं. आणि माशाच्या दृष्टीने यातलं प्रत्येक वेगळं आहे, काही पचतं, काही जसंच्या तसं बाहेर पडतं.

घरातलंच बघा. गरोदर बाईला डॉक्टर लोहाच्या गोळ्या देतात आणि बजावतात की चहाबरोबर घेऊ नको. गोळी तीच, लोह तेवढंच, पण चहातला टॅनिन त्याला धरून बसतो आणि अंगाला लागत नाही. हे आपल्या आयांना पाठ आहे. मग माशांच्या बाबतीत आपण नुसतं 'लोह किती' विचारून समाधान का मानतो?

मागे आमच्या काही पिल्लांचे डोळे दुधाळ झाले होते. फीड एका चांगल्या नावाच्या कंपनीचं, रिपोर्टवर झिंक भरपूर. पाण्याचं काही असेल, बीजाचं असेल, जखमा असतील, कारणं बरीच असू शकतात हे मला कळतं आणि मी फीडवर आरोप करत नाहीये. पण झिंकचा प्रश्न निकालात काढायला जो रिपोर्ट हातात होता तो त्या कामाचाच नव्हता, हे मी त्याच धंद्यातली असून बाबांना समजावून सांगावं लागलं, आणि बाबांचा प्रश्न सरळ होता की मग टेस्टचे पैसे कशाला भरले. १९७९ मध्ये अमेरिकेत रेनबो ट्राउटवर हे काम प्रसिद्ध झालंय, जास्त राख असलेल्या म्हणजे हाडं जास्त असलेल्या फिशमीलवर वाढवलेल्या ट्राउटना मोतीबिंदू होत होता आणि वरून झिंक वाढवल्यावर तो थांबला. झिंक फीडमध्ये आधी नव्हतं असं नाही, मिळत नव्हतं. कॅटफिशचंही तसंच, शुद्ध प्रयोगाच्या आहारात किलोमागे २० मिलिग्रॅम झिंक पुरतं पण सोयावर आधारलेल्या नेहमीच्या फीडमध्ये १५० पर्यंत न्यावं लागतं कारण फायटिक अॅसिड मधल्या मधे धरून ठेवतं. आकड्याच्या पलीकडे रूप बघायची गरज त्या लोकांना इतक्या आधी कळली होती.

आणि हे आता जास्त महत्त्वाचं झालंय कारण फीडच बदललं. नॉर्वेत सॅल्मनच्या फीडमध्ये १९९० च्या सुमाराला जवळपास ९० टक्के माल समुद्रातला असायचा, फिशमील आणि फिश ऑइल, २०१६ पर्यंत तो साधारण २५ टक्क्यांवर आला, बाकी सगळं सोया, गहू, मका, रेपसीडचं तेल वगैरे. आपल्याकडेही दिशा तीच आहे कारण फिशमील महाग, तारले कमी झाले की आणखी महाग. फीड पूर्ण वनस्पतींकडे गेलं की फायटिक अॅसिड वाढतं, फिशमीलबरोबर फुकटात येणारं सेलेनियम आणि आयोडीन कमी होतं, आणि मग प्रीमिक्समधून जे घालाल त्यावर सगळा भार येतो. अजूनही आपल्याकडे काही जण तळ्यात कोंडा आणि पेंड टाकतात, आणि भाताच्या कोंड्यात फायटिक अॅसिड सोयापेक्षाही जास्त असतं. फायटेज नावाचं एन्झाइम घालून ते फोडता येतं, पण पेलेट बनवताना जी उष्णता लागते तिने साधं फायटेज मरतं म्हणून ते नंतर वरून फवारावं लागतं. पोत्यावर 'फायटेजयुक्त' लिहिलेलं असतं, ते जिवंत राहिलं का, त्याने झिंक सोडलं का, हे बघणारी टेस्ट कोणी मागत नाही.

त्यात पुन्हा मासा कुठला हेही आहे. चोणकाला नीट पोट असतं, पोटात अॅसिड असतं, तिलापियाचं अॅसिड तर फारच कडक, त्यामुळे पाण्यात न विरघळणारं झिंक ऑक्साइड किंवा हाडातलं फॉस्फेट तिथे थोडंफार तरी सुटतं. रोहू-कटलासारख्या कार्प जातीच्या माशांना पोटच नसतं, अन्न सरळ आतड्यात. सुंगटांच्या पोटातही तसं अॅसिड नसतं. म्हणजे तेच ऑक्साइड, तोच आकडा, चोणकाला कदाचित चालेल आणि वन्नामेई जातीच्या सुंगटांना नाही चालणार. उलट सल्फेट पाण्यात लगेच विरघळतं, आणि सुंगटं पेलेट एका घासात गिळत नाहीत, धरून हळूहळू कुरतडत बसतात, तेवढ्यात सल्फेट पाण्यात निघून जातं. रिपोर्टमध्ये मात्र पेलेट कोरडा असताना मोजलेला आकडा आणि त्यावर सही शिक्का.

पोत्यावरच्या लेबलचं तर विचारू नका. 'झिंक सल्फेट' एवढंच लिहून पुढे मिलिग्रॅम लिहिलं तर त्यातून शेतकऱ्याने काय घ्यायचं? झिंक सल्फेटमध्ये पाण्याचे सात रेणू असलेलं एक येतं त्यात झिंक साधारण २२-२३ टक्के, आणि एकच रेणू असलेलं येतं त्यात ३५-३६ टक्के. शुद्ध ऑक्साइडमध्ये ८० टक्के. तो मिलिग्रॅमचा आकडा मिठाचा आहे की त्यातल्या झिंकचा हे पण सगळीकडे नीट लिहिलेलं नसतं. शिवाय सात पाण्याचं सल्फेट प्रीमिक्समध्ये ओल आणतं, आणि आपल्या गोव्यात जून ते सप्टेंबर हवा कशी असते ते मी सांगायला नको, त्या ओलीत कॉपर आणि लोहाची सल्फेटं व्हिटॅमिन सी आणि ई खराब करतात, लोह फिश ऑइल खवट करतं. व्हिटॅमिन सी आणि सोडियम सेलेनाइट एकत्र भिजले की सेलेनाइटचं साधं लाल सेलेनियम होऊ शकतं जे माशाला फारसं उपयोगाचं नाही. आणि गंमत नाही, गंभीर गोष्ट आहे ही, टोटल सेलेनियम मोजलं तर तेव्हाही आकडा पूर्वीएवढाच येणार! गोदामात दोन महिने पडलेल्या पोत्यात काय झालंय ते टोटलमध्ये कधीच दिसणार नाही.

टोटल कशी करतात तेही लोकांना माहीत असावं. थोडंसं फीड टेफ्लॉनच्या बंद भांड्यात घ्यायचं, कडक नायट्रिक अॅसिड घालायचं, मायक्रोवेव्हमध्ये दोनशे डिग्रीच्या आसपास तापवायचं, की सगळं विरघळून पाण्यासारखं स्वच्छ होतं. मग ते आयसीपी-एमएस मशीनमध्ये, तिथे आर्गॉनचा सहा हजार डिग्रीच्या वरचा प्लाझ्मा असतो, त्यात उरलंसुरलंही फुटून नुसते अणू राहतात आणि मशीन ते मोजतं. अतिशय चांगली पद्धत आहे, मी रोज करते. पण ती पद्धत रूप पुसून टाकायलाच बनवलेली आहे, फायटेटचं झिंक काय आणि सल्फेटचं काय, अॅसिडमध्ये सगळं एक. म्हणून मशीन कितीही महाग घ्या, त्याच्या आधीची पायरी बदलल्याशिवाय उत्तर बदलणार नाही.

रूप ओळखायचं तर आधी हळुवारपणे काढावं लागतं. सेलेनियमचं सांगते कारण त्यात पद्धत बऱ्यापैकी बसलेली आहे. फीडमध्ये सेलेनियम मुख्यतः दोन प्रकारे घालतात, सोडियम सेलेनाइट म्हणजे खनिज रूप, किंवा सेलेनियम यीस्ट, ज्यात सेलेनोमेथिओनिन नावाचं अमिनो अॅसिड असतं. हे सेलेनोमेथिओनिन प्रोटीनच्या साखळीत गुंफलेलं असतं, ते साध्या पाण्याने येत नाही, प्रोटीन कापणारं एन्झाइम लावून तासन् तास हलवत ठेवावं लागतं. सेलेनाइटला वेगळा उतारा. मग ते द्रावण एचपीएलसीच्या कॉलममधून म्हणजे बारीक पूड भरलेल्या नळीतून सोडायचं, वेगवेगळी रूपं वेगवेगळ्या वेळी बाहेर येतात आणि मागे जोडलेलं आयसीपी-एमएस प्रत्येकातलं सेलेनियम मोजतं. त्यातही खाचाखोचा, सेलेनियमचा सगळ्यात मुबलक प्रकार वजनाने ८०, आणि आर्गॉनचे दोन अणू चिकटले की त्यांचंही वजन ८०, म्हणून मशीनला ते वेगळं करायला शिकवावं लागतं. शेवटी सगळ्या रूपांची बेरीज टोटलशी जुळते का ते बघायचं, नाही जुळली तर काहीतरी मागे राहिलं. पडताळायला कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलचं सेल्म-१ नावाचं प्रमाणित यीस्ट मिळतं.

यात नुसती माशाची तब्येत नाही, आपलीही आहे. सेलेनोमेथिओनिन खाल्लं की मासा ते मेथिओनिनच्या जागी आपल्या मांसात बसवतो, म्हणजे ते आपल्या ताटापर्यंत येतं. सेलेनाइट तसं मांसात साठत नाही. आणि सेलेनियम हे असं आहे की गरज आणि विष यात अंतर कमी. ट्राउटला किलो फीडमागे ०.१५ ते ०.३८ मिलिग्रॅम पुरतं आणि सेलेनाइटचं १३ मिलिग्रॅम झालं की विषबाधा दिसते. म्हणून युरोपियन युनियनने पूर्ण फीडमध्ये टोटल सेलेनियमला किलोमागे ०.५ मिलिग्रॅमची मर्यादा घातलीच, पण वरून घालायच्या सेंद्रिय रूपाला वेगळी ०.२ ची घातली. म्हणजे कायद्यातच दोन रूपं वेगळी धरली. हे आपल्याला अशक्य आहे का?

झिंकचं जास्त कठीण आहे आणि ते लपवण्यात अर्थ नाही. झिंक कशाला कायमचं जोडलेलं नसतं, ते आज या प्रोटीनला तर उद्या त्या अमिनो अॅसिडला धरतं, त्यामुळे फीडमधून काढताना, कॉलममधून जातानाच ते जागा बदलू शकतं. नॉर्वेच्या बर्गनमध्ये समुद्र संशोधन संस्था आहे, तिथल्या लोकांनी सॅल्मनच्या फीडमधल्या झिंक आणि सेलेनियमच्या रूपांवर बरंच काम केलंय, आणि झिंकच्या बाबतीत त्यांनाही दिसलं की सौम्य द्रावणात फीडमधल्या झिंकचा थोडाच भाग उतरतो, बाकीचं गाळातच राहतं. जे उतरतं ते रेणूंच्या आकारानुसार वेगळं करता येतं, मोठ्या प्रोटीनला बांधलेलं, छोट्या तुकड्यांना बांधलेलं असं. जे उतरत नाही त्यासाठी न विरघळवता एक्स-रेने बघायची पद्धत आहे, तिला सिंक्रोट्रॉन म्हणजे फार प्रखर एक्स-रे देणारं प्रचंड मोठं यंत्र लागतं. आता कोणी म्हणेल की हे आपल्यासाठी नाही. पण इंदूरला आरआरकॅट या केंद्र सरकारच्या संशोधन केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन आहे, आपल्याच देशात, आणि बाहेरच्या संशोधकांना तिथे अर्ज करून वेळ मिळतो.

अर्सेनिकबद्दल लिहिल्याशिवाय हे पत्र पुरं होणार नाही, कारण तिथे उलटी चूक होते. २०१८ च्या जुलैत मडगावच्या मासळी बाजारात मासळी टिकवायला फॉर्मेलिन वापरल्याच्या संशयावरून काय झालं ते आपण सगळ्यांनी बघितलंय, बाहेरची मासळी बंद झाली, घराघरांत लोकांनी मासे खाणं सोडलं, आणि आकडे आणि टेस्ट यावरून आठवडेच्या आठवडे नुसते वाद. उद्या कोणी फीडमधलं किंवा माशातलं टोटल अर्सेनिक मोजलं आणि मथळा दिला की माशात अर्सेनिक सापडलं, तर परत तेच होईल. समुद्रातल्या माशांत, त्यामुळे फिशमीलमध्ये, अर्सेनिक असतंच आणि बऱ्यापैकी असतं, पण त्याचा मोठा भाग अर्सेनोबीटेन या रूपात असतो जे शरीरातून तसंच निघून जातं, विषारी नाही. ऑस्ट्रेलियातल्या रॉक लॉबस्टरमधून ते १९७७ मध्ये ओळखलं गेलं. खरं विष अजैविक अर्सेनिक. युरोपात माशांच्या फीडमध्ये टोटल अर्सेनिक किलोमागे १० मिलिग्रॅमपर्यंत चालतं, पण अधिकाऱ्याने मागितलं तर कंपनीला अजैविक भाग २ मिलिग्रॅमच्या खाली आहे हे टेस्ट करून दाखवावं लागतं. किती साधी आणि शहाणी अट आहे ही. आणि टोटल मोजतानाही सांभाळावं लागतं, मिठातला क्लोरीन आणि मशीनमधला आर्गॉन चिकटले की वजन ७५, अर्सेनिकचंही ७५, समुद्रातल्या मालात मीठ असतंच, म्हणजे निष्काळजी लॅब नसलेलं अर्सेनिकही दाखवू शकते. पाऱ्याचं तर जपानमधल्या मिनामाटाच्या विषबाधेपासून जगाला माहीत आहे की मिथाइल मर्क्युरी हे रूप सगळ्यात घातक, आणि आपल्या एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमांतही मिथाइल मर्क्युरीला वेगळी मर्यादा आहे. म्हणजे रूप बघायची कल्पना आपल्या कायद्याला परकी नाही, फक्त फीडपर्यंत ती पोचलेली नाही.

आता गोव्याचं. मला खूप वाटतं की हे काम करायला गोव्यासारखी जागा नाही. मांडवी आणि जुवारीच्या गाळातल्या लोह, मॅंगनीज, कॉपर, झिंकवर दोनापावलाच्या एनआयओ या समुद्रविज्ञान संस्थेत आणि गोवा विद्यापीठात वर्षानुवर्षं काम झालंय, खाणींमुळे ते करावंच लागलं, आणि त्यात नुसती टोटल नव्हे तर धातू गाळाला किती घट्ट धरून आहे ते एकेका द्रावणाने पायरीपायरीने काढून बघतात. ही पायऱ्यांची पद्धत १९७९ पासून जगभर चालत आलीय. गाळासाठी जे हात आणि जी डोकी तयार झालीत ती फीडसाठी का वापरायची नाहीत? जुन्या गोव्यात आयसीएआरचं किनारी शेती संशोधन केंद्र आहे, मुंबईला वर्सोव्यात सीआयएफई ही मत्स्यशिक्षण संस्था आहे, खारं पाणी आणि सुंगटं यावर काम करणारी चेन्नईची सिबा ही संस्था आहे. माणसं आहेत, मशीन आहेत, फक्त कोणी हा प्रश्न त्यांच्यासमोर ठेवून पैसे बाजूला काढत नाही.

सगळ्यांनी सिंक्रोट्रॉनकडे धावायचीही गरज नाही. एक टेस्ट तर अशी आहे की आमच्यासारख्या साध्या लॅबलाही जमेल. फीड कुटायचं, चोणकासाठी असेल तर पेप्सिन घालून पीएच २ च्या आसपास ठेवायचा म्हणजे पोट झालं, मग पीएच वर आणून पॅनक्रिअॅटिन आणि पित्त घालायचं म्हणजे आतडं झालं, तापमान आपल्या पाण्याचं म्हणजे २८-३० डिग्री, आणि शेवटी फिरवून जे वर पाण्यात आलं त्यातलं झिंक, कॉपर, मॅंगनीज मोजायचं. रोहूसाठी किंवा सुंगटांसाठी पेप्सिनची पायरी गाळायची. हे मोजायला आयसीपी-एमएससुद्धा नको, साधं अॅटोमिक अॅब्सॉर्प्शन मशीन पुरतं जे कितीतरी कॉलेजांत असतं. यातून नेमकं रूप कळत नाही हे खरं, पण टोटलमधलं किती सुटतं एवढं कळलं तरी दोन पोत्यांत फरक करता येईल, आणि फीडवर निम्म्याहून जास्त खर्च करणाऱ्या माणसाला तेवढंच हवं असतं.

डीलर लोक आता 'चिलेटेड मिनरल' (अमिनो अॅसिडसारख्या रेणूने धरलेलं खनिज) म्हणून जास्त भावाचं फीड आणि तळ्यात टाकायची पाकिटं विकतात. चिलेट वाईट नाही, फायटिक अॅसिड जास्त असलेल्या फीडमध्ये त्याचा उपयोग काही प्रयोगांत दिसलाय, काहींत सल्फेट आणि चिलेट सारखेच निघाले, माशावर आणि फीडवर ते अवलंबून आहे. पण सल्फेट आणि ग्लायसिन नुसतं एकत्र कालवलं आणि पाकिटावर चिलेट लिहिलं तर ते टोटलवरून कोण पकडणार? कोणीच नाही. शेतकरी विश्वासावर पैसे देतो, आणि खरं चिलेट बनवणारी प्रामाणिक कंपनीही मार खाते कारण तिचा माल आणि भेसळीचा माल रिपोर्टवर एकच दिसतो.

आणि जे माशाने घेतलं नाही ते जातं कुठे? खाजनात. तळ्याच्या तळाशी गाळ, तो गाळ कधी बांधावर, पाणी मानशीतून म्हणजे बांधाच्या दारातून नदीत. झिंक आणि कॉपर कुजत नाही, संपत नाही, साठतं. युरोपने २०१६ मध्ये फीडमधल्या झिंकची मर्यादा खाली आणली, सॅल्मन-ट्राउटला किलोमागे १८० आणि बाकी माशांना १५० मिलिग्रॅम, त्यामागे पर्यावरणाचंच कारण मुख्य होतं. आपल्याकडे पचत नाही म्हणून आणखी घाला, आणखी घातलेलं परत गाळात, असं चालू राहिलं तर ज्या खाजनात आपण पावसाळ्यात कोरगुट भात लावतो आणि नंतर मासे धरतो तिथेच ते जमत जाणार. शिणाणे (शिंपल्यांची एक जात) आणि कालवं तर पाणी गाळूनच जगतात, त्यांच्यात काय जाईल याचाही विचार व्हायला हवा. चांगल्या रूपातलं थोडं घालणं हे वाईट रूपातलं पुष्कळ घालण्यापेक्षा माशाला, नदीला आणि खिशाला तिन्हीला बरं, फक्त ते मोजून सिद्ध करता आलं पाहिजे.

प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजना २०२० मध्ये आली, वीस हजार कोटींच्या वरची, पिंजरे, बीज, बर्फाचे कारखाने सगळ्याला त्यात जागा आहे. माझी मत्स्योद्योग खात्याला कळकळीची विनंती आहे की सबसिडीतून किंवा सरकारी शिफारशीने जे फीड गोव्यात येतं त्याच्या पोत्यावर खनिज कुठल्या संयुगातून घातलं आणि त्यातलं मूळ खनिज किती हे दोन्ही छापायची अट घाला, यात खर्च शून्य आहे, कंपनीला ते माहीतच असतं. फिशमील असलेल्या फीडला अजैविक अर्सेनिकचा वेगळा रिपोर्ट मागा. आणि वर सांगितली ती पोट-आतड्याची टेस्ट एखाद्या संस्थेकडून गोव्यात विकल्या जाणाऱ्या फीडवर एकदा करून घ्या, मासा आणि सुंगटं वेगवेगळी धरून, पावसाळ्याआधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर गोदामातल्या त्याच लॉटवर परत एकदा, आणि निकाल मराठीत आणि कोंकणीत पंचायतीच्या बोर्डावर लावा. विद्यापीठातल्या मुलांनाही प्रोजेक्टसाठी दरवर्षी विषय हवे असतात, हा एक असा आहे ज्याचा उपयोग दुसऱ्या दिवशी बांधावर होईल.

नमुन्यासाठी पोती आमच्या खाजनातली न्या, पावसाळ्यात ओलीत ठेवलेलीही देऊ, आणि सुट्टीच्या दिवशी टेस्टच्या कामाला मी स्वतः येईन, त्याचे पैसे नकोत.

आपली,
एक वाचक, पेडणे, गोवा